एका बुडीत पैजेची हकीकत

कूट घालणारा आणि तें सोडविणारा ह्यांच्यामध्यें एक अलिखित करार असतो, इकडे कूटांवर लिहिणारांचें सहसा लक्ष जात नाहीं. घालणारा म्हणतो, येथें कांहीं दडलेलें आहे आणि तें शोधून काढतां येण्याजोगें आहे. सोडविणारा ह्या शब्दावर विसंबून आपल्या रात्री खर्चीं घालतो. पुढें बक्षीस लावलें म्हणजे ह्या करारास आणखी एक कलम जडतें, आणि बहुधा तेंच प्रथम मोडतें. प्रस्तुत लेखांत अशाच एका मोडलेल्या कराराची हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे. तिचें स्थळ अमेरिका, काळ १९८२ ते १९८४, आणि साधन मुलांच्या खेळण्यांतलें. विषय कोणास पोरकट वाटेल. परंतु दीड लक्ष डॉलरांचे रत्नजडित जिन्नस ज्यांत पणास लागले होते, आणि ज्याच्या जुन्या प्रति चाळीस वर्षांनंतरहि प्रौढ माणसें धुंडाळीत असतात, तो प्रकार केवळ पोरखेळ म्हणून सोडून देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

अटारी ही कंपनी नोलन बुशनेल व टेड डॅब्नी ह्या दोघांनीं १९७२ सालीं कॅलिफोर्नियांत काढली. १९७६ सालीं वॉर्नर कम्युनिकेशन्स ह्या बड्या व्यापारी संस्थेनें ती विकत घेतली, आणि पुढल्याच वर्षीं अटारीनें जें यंत्र बाजारांत आणलें तें पुढें 'अटारी २६००' ह्या नांवानें घरोघर पोंचलें. हें यंत्र टेलिव्हिजनला जोडावयाचें, एकेका खेळाचें कार्ट्रिज, म्हणजे प्लास्टिकची मूठभर आकाराची डबी, त्याच्या खांचेंत खोंचावयाची, आणि हातांतील दांडीनें पडद्यावरील ठिपके हालवावयाचे, असा तो व्यवहार. यंत्राची चालती स्मृति अवघी १२८ बाइट होती. एका बाइटांत एक इंग्रजी अक्षर मावतें हें ध्यानांत घेतलें तर ह्या परिच्छेदाचा चतकोरहि त्या स्मृतींत मावला नसता. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी; पुढील बराचसा प्रकार तिच्यापोटीं जन्मलेला आहे.

मोठ्या पैजेच्या आधीं अटारीच्या घरांत एक लहानसें गुपित घडून गेलें होतें. कंपनी आपल्या खेळांवर ते रचणारांचीं नांवें छापीत नसे. वॉरन रॉबिनेट नांवाच्या रचनाकारानें 'ॲडव्हेंचर' हा खेळ करतांना त्यांत कोणास न सांगतां एक खोली दडवून ठेवली. तिच्यांत शिरण्यासाठीं एक करड्या रंगाचा ठिपका शोधावा लागे. तो मागील रंगांत इतका मिसळून गेलेला असे कीं, डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय दिसूं नये. तो ठिपका योग्य ठिकाणीं नेला म्हणजे भिंत वाट देई, आणि आंत 'हा खेळ वॉरन रॉबिनेट ह्यानें निर्माण केला' अशा अर्थाचीं अक्षरें झळकत. देवळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत आपलें नांव कोरून ठेवणाऱ्या पाथरवटाचीच ही वृत्ति! रॉबिनेट नोकरी सोडून गेला तोंपर्यंत कंपनीस पत्ता नव्हता. पुढें यूटा प्रांतांतील सॉल्ट लेक सिटीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानें ती खोली शोधून काढून कंपनीस पत्र लिहिलें, तेव्हां हें गुपित फुटलें. कंपनीनें रागावण्याऐवजीं शहाणपणा केला. खेळाडूंना असलें दडलेलें हुडकणें आवडतें, हें तिच्या कारभाऱ्यांनीं ओळखलें, आणि अशा गुपितांना 'ईस्टरचें अंडें' हें नांव तेथूनच रूढ झालें. ह्या गुपिताला बक्षीस नव्हतें, जाहिरात नव्हती, आणि तें घालणाराला सोडविणाराकडून कांहीं मिळवावयाचेंहि नव्हतें, एवढें येथें नोंदवून पुढें जाऊं.

'ॲडव्हेंचर'चा उत्तरभाग काढावा म्हणून जो विचार सुरू झाला त्यांतून 'सोर्डक्वेस्ट', म्हणजे तलवारीचा शोध, ही चार खेळांची माला निघाली. पृथ्वी, अग्नि, जल व वायु हीं चार महाभूतें घेऊन 'अर्थवर्ल्ड', 'फायरवर्ल्ड', 'वॉटरवर्ल्ड' व 'एअरवर्ल्ड' अशीं चार नांवें ठरलीं. आम्ही त्यांस सोयीसाठीं पृथ्वीलोक, अग्निलोक, जललोक व वायुलोक म्हणूं. आकाशतत्त्व पाश्चात्यांच्या गणनेंत सहसा येत नाहीं, म्हणून पांचवा लोक झाला नाहीं. प्रत्येक लोकाचा सांगाडा कोणत्या ना कोणत्या जुन्या गूढविद्येवरून उचललेला होता. पृथ्वीलोकाच्या बारा खोल्या बारा राशींच्या, अग्निलोकाची मांडणी यहुद्यांच्या कब्बालांतील जीवनवृक्षाची, जललोकाच्या सात खोल्या आमच्या योगशास्त्रांतील सप्तचक्रांच्या, आणि वायुलोक चिनी 'ई चिंग'च्या चौसष्ट आकृतींवर उभारावयाचा होता. मूलाधारापासून सहस्रारापर्यंत साधकानें जन्मभर चढत जावें अशी आमची कल्पना. कॅलिफोर्नियांतील कारागिरानें तीच वाट माशांच्या थव्यांतून आणि बर्फाच्या सरकत्या तुकड्यांवरून उड्या मारीत काढावयास लावली! ह्यांत कोणाचा अपमान करण्याचा हेतु नव्हता. ज्याला बारा, सात अथवा चौसष्ट खोल्यांना नांवें हवीं होतीं त्यानें जगाच्या अडगळींतून हाताला येतील तीं उचललीं, इतकेंच.

बक्षिसांचा थाट मात्र पाहण्याजोगा होता. पृथ्वीलोकास सोन्याचा ताईत. त्यावर बारा राशींचीं रत्नें, हिरे आणि मधोमध पांढऱ्या सोन्याची चिमुकली तलवार. अग्निलोकास सोनें व प्लॅटिनम ह्यांचा रत्नखचित पेला. जललोकास सुवर्णमुकुट. वायुलोकास 'परीस', म्हणजे रत्नें जडविलेल्या सोन्याच्या पेटींतील पांढऱ्या जेडचा खडा. ह्या चोहोंची किंमत प्रत्येकीं २५,००० डॉलर सांगितलेली होती. चार लोकांचे चार विजेते शेवटीं एकमेकांशीं झुंजावयाचे, आणि जो जिंकेल त्याला सोन्याच्या मुठीची, चांदीच्या पात्याची, ५०,००० डॉलरांची तलवार मिळावयाची. हे जिन्नस फ्रँकलिन मिंट ह्या टांकसाळीनें घडविले. खेळांबरोबर द्यावयाच्या चित्रकथा डीसी कॉमिक्सनें काढल्या; त्यांचें लेखन रॉय थॉमस व जेरी कॉन्वे ह्यांचें, चित्रें जॉर्ज पेरेझ ह्यांचीं. टांकसाळ आणि चित्रकथांचें दुकान ह्या दोन्हीं संस्था त्या वेळीं वॉर्नरच्याच मालकीच्या होत्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एवढा थाट एका घरांतून कसा निघाला ह्याचा उलगडा होतो. एका हातानें दुसऱ्या हातास काम दिलें होतें.

आतां ह्या कूटाची घडण पाहूं. यंत्राच्या पोटांत अक्षरांना जागा नव्हती, हें वर सांगितलेंच आहे. मग कोडें ठेवावयाचें कोठें? तें कागदावर ठेवलें. खेळाडूनें खोल्याखोल्यांतून हिंडून कंदील, दोर, खंजीर, ताईत असल्या वस्तु उचलाव्या आणि त्या निरनिराळ्या खोल्यांत मांडून पाहाव्या. विवक्षित खोलींत विवक्षित वस्तु एकत्र आल्या म्हणजे पडद्यावर दोन आंकडे उमटत. पहिला आंकडा चित्रकथेच्या पृष्ठाचा आणि दुसरा त्या पृष्ठावरील चौकटीचा. ती चौकट काढून पाहिली म्हणजे चित्राच्या रेषांत, कोठें दगडाच्या भेगांत तर कोठें वस्त्राच्या चुण्यांत, एक शब्द लपविलेला सांपडे. असे शब्द जमवून त्यांचें वाक्य करावयाचें व तें कंपनीस धाडावयाचें.

परंतु मेख ह्यापुढेंच होती. पृथ्वीलोकाच्या चित्रकथेंत लपविलेले शब्द दहा होते आणि त्यांतील पांचच खरे. खरे कोणते हें ओळखण्याची किल्ली पुस्तकाच्या आरंभींच्या मजकुरांत होती. तेथें 'प्राइम' आणि 'नंबर' हे दोन शब्द वेगळ्या रंगांत छापलेले होते. प्राइम नंबर म्हणजे मूळ संख्या, जिला एक व ती स्वतः ह्यांखेरीज कोणी भागूं शकत नाहीं. मूळ संख्येच्या पृष्ठांवरील शब्द तेवढे घ्यावयाचे आणि बाकीचे टाकावयाचे, म्हणजे 'क्वेस्ट इन टॉवर टॅलिस्मन फाउंड' हें वाक्य जुळे: शोध मनोऱ्यांत, ताईत सांपडला. दोन शब्दांच्या रंगाकडे पाहून अंकगणिताची आठवण व्हावी, ही युक्ति आमच्या मतें खरोखर नामी आहे. शाळेंत शिकलेली आणि विसरलेली एक गोष्ट अचानक किल्ली होऊन हातांत येते, ह्यांतील आनंद ज्यानें एकदां चाखला आहे त्याला तो सांगावा लागत नाहीं.

खेळ म्हणून पाहिलें तर हे लोक रुक्ष आहेत, हें सांगणें आम्हांस भाग आहे. अमुक खोलींत अमुकच वस्तु कां ठेवावयाची ह्याला बुद्धीस पटेल असें कारण क्वचितच सांपडतें. खेळाडूनें ठेवून पाहावें, उचलावें, पुन्हां ठेवून पाहावें. उलट, चित्रकथा मात्र जिवंत उतरली आहे. टायरॅनस नांवाच्या दुष्ट राजानें ज्यांच्या आईबापांना मारिलें, अशा टॉर व टारा ह्या जुळ्या भावंडांची ती गोष्ट आहे, आणि पेरेझची गर्दीनें भरलेली रेखा अशी आहे कीं, तिच्यांत शब्द लपविला तर तो सहज लपून राहावा. चाणाक्ष वाचकानें खेळाला हातहि न लावतां भिंग घेऊन पुस्तक चाळलें असतें तरी कांहीं शब्द त्याच्या हातीं लागलेच असते. म्हणजे कंपनी विकीत होती कार्ट्रिज, आणि कोडें होतें तें वर फुकट दिलेल्या पुस्तकांत.

पृथ्वीलोक १९८२ च्या अखेरीस बाजारांत आला. उत्तरें ढिगांनीं आलीं, पण बरोबर उत्तर आठच जणांचें निघालें. त्यांस सनीव्हेल येथील कंपनीच्या मुख्य कचेरींत बोलावून, मुद्दाम ह्या प्रसंगासाठीं रचलेला खेळाचा नवा पाठ त्यांच्यापुढें ठेवण्यांत आला, आणि १९८३ च्या मे महिन्यांत डेट्रॉइटच्या एका तरुणानें ताईत जिंकला. अग्निलोकाच्या वेळीं लोक शहाणे झाले होते. बरोबर उत्तरें ७३ आलीं. अंतिम फेरींत पन्नासांनाच जागा होती, म्हणून खेळांत काय आवडलें ह्याविषयीं प्रत्येकाकडून लिहून घेऊन पन्नास निवडले. १९८४ च्या जानेवारींत दक्षिण कॅरोलायनांतील एका तरुणाच्या हातांत पेला पडला.

चिठ्ठ्या टाकून निकाल लावण्याऐवजीं पुन्हां खेळ लावण्याची ही तऱ्हा मराठी वाचकांस अगदींच अपरिचित वाटूं नये. शब्दकोड्यांच्या बक्षिसी पैजांचें आपल्याकडे एके काळीं केवढें पीक आलें होतें, आणि त्यांना आवर घालण्यासाठीं मुंबई सरकारास १९४८ सालीं व मध्यवर्ती सरकारास १९५५ सालीं कायदा करावा लागला, हें जुन्या मंडळींच्या घरांतून ऐकलेलें असेल. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्याचा अर्थ लावतांना हाच भेद केला कीं, ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा आणि ज्यांत तें दैवावर आहे तो जुगार. अटारीची पैज ह्या कसोटीस बव्हंशीं उतरली असती. तिच्यांतील दैवाचा भाग निराळ्याच ठिकाणीं होता, आणि तो खेळाडूंना दिसत नव्हता.

तो भाग म्हणजे खुद्द कंपनीची प्रकृति. १९८३ हें वर्ष अमेरिकेंतील ह्या धंद्यास काळवर्ष ठरलें. बाजार वाईट खेळांनीं भरून गेला, गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला, आणि त्या एका वर्षांत अटारीला पन्नास कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. न खपलेलीं कार्ट्रिजें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत न्यू मेक्सिकोंतील ॲलमोगोर्डो गांवाबाहेरच्या उकिरड्यांत पुरण्यांत आलीं. अशा घरांत रत्नजडित मुकुट वांटण्याची ऐपत असली तरी उमेद कोठून राहणार? जललोक निघाला, पण दुकानांत मोकळेपणानें आला नाहीं. अटारीच्या खेळाडू-मंडळाच्या सभासदांस तो टपालानें विकण्यांत आला. १९८४ च्या जुलैंत वॉर्नरनें कंपनीचा घरगुती यंत्रांचा विभाग जॅक ट्रॅमिएल ह्यास विकला. पोलंडांत जन्मलेला, ऑशविट्झच्या छळछावणींतून वांचलेला आणि अमेरिकेंत कमोडोर कंपनी नांवारूपास आणणारा हा कडवा व्यापारी. स्वस्त संगणक विकणें हें त्याचें ध्येय होतें. पैज बंद पडली. मुकुट, परीस आणि तलवार कोणासहि मिळालीं नाहींत. वायुलोक निघालाच नाहीं, आणि त्याची चित्रकथाहि छापली गेली नाहीं, त्यामुळें टॉर आणि टारा ह्यांची गोष्टहि शेवटाच्या एक पाऊल अलीकडे थांबली.

येथें कंपनीच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, बुडत्या जहाजानें माल समुद्रांत टाकला तर त्यास कोण दोष देईल? हा युक्तिवाद आम्हांस पुरता पटत नाहीं. ज्यांनीं पृथ्वीलोक व अग्निलोक विकत घेतले त्यांनीं एका तलवारीसाठीं चार पायऱ्यांचा जिना विकत घेतला होता. दोन पायऱ्यांवर जिना काढून घेतला तर पहिल्या दोन पायऱ्यांची किंमत तरी पुरी वसूल झाली असें कसें म्हणावें? ताईत आणि पेला जिंकणाऱ्या दोघांचा तलवारीवरचा हक्क कोणीं जिंकून घेतला नाहीं. तो नुसता विरून गेला.

शिवाय त्याच वर्षांत इंग्लंडांत जें घडलें त्याच्याशीं ताडून पाहिल्यास दोष कोठें होता हें अधिक स्पष्ट होतें. तेथें ह्या वेडाचा आरंभ १९७९ सालीं किट विल्यम्स ह्या चित्रकाराच्या 'मास्करेड' ह्या पुस्तकानें झाला होता. चित्रांतील पात्रांच्या डोळ्यांपासून बोटांच्या टोकांवरून रेषा काढल्या म्हणजे चौकटींतील अक्षरांवर येऊन थांबत, आणि त्यांवरून बेडफर्डशायरमधील ॲम्प्टहिल येथें पुरलेल्या सोन्याच्या सशाचा ठाव लागे. १९८२ सालीं एका टोपणनांवाच्या इसमानें ससा मिळविला. त्यानें तो चित्रकाराच्या जुन्या परिचितांकडून कळलेल्या माहितीवर मिळविला होता, हें १९८८ सालीं उघडकीस आलें. मध्यंतरीं त्याच सशाचें बक्षीस लावून १९८४ सालीं 'हेअररेझर' नांवाचा घरगुती संगणकावरील खेळ विकण्यांत आला, त्यांत तर सोडवावें असें कूट कोणासच सांपडलें नाहीं. ती कंपनी बुडाली आणि ससा लिलांवांत गेला. येथें पहिल्या दोन कलमांवरच घाला पडला होता. अटारीनें तसें केलें नाहीं, हें तिच्या पदरीं घातलेंच पाहिजे. तिचीं कोडीं खरीं होतीं.

परंतु तिन्ही कलमें पाळणारेहि होते. पोर्ट्समथ येथील ऑटोमाटा ही मेल क्राउचर व ख्रिश्चन पेनफोल्ड ह्या दोघांनीं चालविलेली चिमुकली कंपनी. भांडवल अटारीच्या मानानें फुटकळ. तिनें १९८२ सालीं 'पायमेनिया' नांवाचा चक्रम खेळ काढला आणि ६,००० पौंड किंमतीचें सोन्याचें छायायंत्र बक्षीस लावलें. खेळांतून स्थळ आणि काळ दोन्हीं ओळखावयाचीं होतीं. वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं जें गुणोत्तर, ज्याला गणितांत 'पाय' म्हणतात, त्याचें शाळकरी मान २२ भागिले ७. म्हणून दिवस जुलैची बावीस तारीख. स्थळ सेसेक्समधील लिटलिंग्टनजवळच्या टेंकडीवर खडूमातींत कोरलेला पांढरा घोडा. वर्षांतून एकच दिवस, एकच जागा! १९८३ गेलें, १९८४ गेलें. १९८५ च्या २२ जुलैस यॉर्कशायरमधील दोन स्त्रिया त्या टेंकडीवर येऊन पोंचल्या आणि त्यांस छायायंत्र मिळालें. धंद्याची दशा इंग्लंडांतहि त्या वेळीं बरी नव्हती. तरी बक्षीस द्यावयास माणूस हजर होता.

असो. अटारीच्या दोन जिनसांची पुढची हकीकत थोडी आहे. ताईत जिंकणाऱ्यानें त्यांतील बहुतेक सोनें वितळवून विकलें आणि वरची चिमुकली तलवार तेवढी ठेवली, असें सांगतात; पेला जिंकणाऱ्यानें तो जपून ठेवला. मोठी तलवार ट्रॅमिएलच्या घरीं भिंतीवर टांगलेली होती, ही आख्यायिका संग्राहकांत वर्षानुवर्षें फिरत आहे, पण तिला पुरावा कोणीं दिलेला नाहीं. बक्षिसें फ्रँकलिन मिंटकडे परत जाऊन मोडलीं गेलीं असावीं, हा तर्क आम्हांस अधिक संभवनीय वाटतो. मालकानें ऋण फेडलें नाहीं म्हणजे लोक त्याच्या भिंतीवर तलवारी टांगतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

संग्राहकांविषयीं दोन शब्द लिहिल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाहीं, कारण आज ती जिवंत आहे ती त्यांच्यामुळें. पृथ्वीलोक व अग्निलोक जुन्या बाजारांत सहज मिळतात. जललोक मिळत नाहीं, आणि चित्रकथेसह, पेटीसह मिळाला तर संग्राहक त्यासाठीं मोठी किंमत मोजतात. म्हणजे ज्या कार्ट्रिजवर कधींच बक्षीस मिळालें नाहीं तेंच आतां स्वतः बक्षीस होऊन बसलें आहे. ह्या मंडळींनीं शब्द पुन्हां शोधले, आंकडे पुन्हां पडताळले, किल्ल्या लिहून ठेवल्या. २०१४ च्या एप्रिलांत ॲलमोगोर्डोचा उकिरडा उकरण्यांत आला, त्यांतून तेराशेंच्या आसपास कार्ट्रिजें वर आलीं, आणि त्यांतील एक स्मिथसोनियन संग्रहालयांत दाखल झालें. २०१७ सालीं डायनामाइट ह्या प्रकाशनसंस्थेनें 'सोर्डक्वेस्ट' नांवाचीच नवी चित्रकथा काढली. तिचा नायक लहानपणीं ह्याच पैजेंत उतरलेला, आणि तलवार चोरण्याचा बेत करणारा आहे.

शेवटीं २०२२ सालीं, अटारीच्या पन्नास वर्षांच्या निमित्तानें जुन्या खेळांचा जो संग्रह निघाला, त्यांत डिजिटल एक्लिप्स ह्या संस्थेनें वायुलोक नव्यानें रचून घातला. जुन्या दोघा विजेत्यांपैकीं कोणास त्याच्या अंतिम फेरीचें बोलावणें गेलें नाहीं. अंतिम फेरी नव्हतीच.